अंगाऱ्यात काय असतं

चांगुणाच्या अंगात देवी येते याचं वरच्या वस्तीवर कुणाला फारसं कौतुक नव्हतं. वस्तीला दळणाची गिरणी होती, चौथीपर्यंतची शाळा होती, तशी चांगुणा होती. पारनेरपासून पंधरा किलोमीटर आत, माळावरची ती चाळीस-पन्नास घरं. आठवड्यातले सहा दिवस चांगुणा शेळ्या राखायची, लोकांच्यात खुरपायला जायची, सुनेशी भांडायची आणि दुखऱ्या गुडघ्यांना तेल चोळत बसायची. मंगळवारी मात्र सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता ती खडकाईच्या ठाण्यापुढे बसायची. शेणीच्या निखाऱ्यावर ऊद पडायचा, संबळ वाजायचा. देवी यायची, किंवा नाही यायची. नाही आली तर चांगुणा पदर झटकून उठायची, "आज न्हाई आली" म्हणायची आणि भाकरी थापायला घरी जायची. नाटकं करणाऱ्या बाईला एवढा साधेपणा जमत नाही.

आली, तर भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. खडकाई गोड बोलणारी देवी नव्हती. बांध कुणी कोरला, बायकोला कुणी मारलं, आईला उपाशी कुणी ठेवलं, हे ती चारचौघांत नाव घेऊन सांगायची आणि ज्याचं नाव निघालं तो मान खाली घालून ऐकून घ्यायचा. चांगुणाला नंतर त्यातलं काही आठवायचं नाही. देवी येवो न येवो, शेवटी ती निखाऱ्याभोवतीची राख, म्हणजे अंगारा, चिमटीत घेऊन आधी स्वतःच्या जिभेला लावायची आणि मग समोर येईल त्याच्या कपाळाला. अंगारा मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, एवढाच तिथला नियम.

कार्तिकात देवीनं रंभाजीचं नाव घेतलं. रंभाजी म्हणजे वस्तीवरचा वजनदार माणूस, डाळिंबाची बाग आणि दोन ट्रॅक्टर राखून असलेला. त्याची आणि त्याच्या चुलतभावाची, संदीपची, विहीर सामाईक होती. संदीप दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून गेला. त्याची बायको सीमा दोन पोरींना घेऊन मागे राहिली. विहिरीवर तिचे दोन वार होते, शुक्रवार आणि शनिवार. रंभाजीनं आधी तिचा शनिवार गिळला, मग शुक्रवारही. सीमानं सगळ्यांचे उंबरे झिजवले. सगळ्यांनी तिला चहा पाजला आणि परत पाठवलं. शेवटी खडकाईनं भर ठाण्यात रंभाजीची कॉलर धरली आणि सांगितलं, "तिचं पानी तिला सोड." पुढच्याच शुक्रवारी पाणी सुटलं. त्या पाण्याच्या भरवशावर सीमानं पौषात एक एकर कांदा लावला. त्या कांद्यावर तिघींचं वर्ष निघायचं होतं, दुसरं काही नव्हतं तिच्याकडे.

आता साहेबाकडे येऊ.

ब्रॅडली त्याचं नाव. अमेरिकेत काँप्युटरच्या कुठल्याशा कंपनीत होता. मग तो पेरू देशात गेला, तिथल्या जंगलात एका वेलीचा नशेचा काढा प्यायला, रात्रभर ओकला आणि सकाळी त्याला साक्षात्कार झाला की आपला जन्म जगाच्या उद्धारासाठी आहे. त्या वेलीवाल्यांचीही काही रीतभात असेल, जाणती म्हातारी माणसं असतील, आजाऱ्यापाशी बसून म्हणायची गाणी असतील. याला दिसला तो फक्त काढा. तेव्हापासून तो देशोदेशी हिंडत होता. इथे निवडुंग चाखायचा, तिथे बुरशी खायचा आणि जाईल तिथल्या लोकांना त्यांच्याच देवाचा अर्थ समजावून सांगायचा. त्याचा एक सिद्धांत होता. जगातल्या प्रत्येक धर्माच्या तळाशी एक नशेचा पाला असतो आणि पुजारी लोक तो दडवून ठेवतात. हे त्याला कुणी सांगितलं, तर त्याच्यासारख्याच दुसऱ्या काढा प्यायलेल्यांनी.

त्याला वस्तीवर आणलं पंकजानं. पंकजा चांगुणाची भाची, तालुक्याच्या गावी इंग्रजीचे क्लास घेणारी. पुण्यात एका योगवर्गात तिची त्याच्याशी ओळख झाली, बोलता बोलता मावशीची गोष्ट निघाली आणि साहेबाचे डोळे लकाकले. बारा वर्षं इंग्रजी शिकवून पंकजाला खऱ्या इंग्रजी माणसाशी बोलायची संधी पहिल्यांदा मिळत होती. तिनं फार विचार केला नाही.

माघातल्या एका मंगळवारी तो आला. अंगात भगवा झब्बा, गळ्यात रुद्राक्षाच्या तीन माळा, कपाळावर आडवं गंध, आणि पाय अनवाणी. भूमातेशी संपर्क राहावा म्हणून. आमच्या माळावर सराट्याचे काटे किती असतात हे भूमातेनं त्याला पन्नास पावलांत दाखवून दिलं. शेवटी त्याला कुणाच्या तरी रबरी चपला घातल्या आणि ठाण्यापुढे बसवलं.

देवी त्या दिवशी आली, थोडा वेळ बोलली, गेली. ब्रॅडलीनं सगळं कॅमेऱ्यात घेतलं. मग चांगुणा पाणी पिऊन भानावर आल्यावर तो तिच्या समोर मांडी घालून बसला.

"मावशी, तो विचारतोय, अंगात यायच्या आधी तू काय घेतेस?" पंकजानं विचारलं.

"काई न्हाई. उपास आस्तो माजा."

साहेबानं मान हलवली आणि पुन्हा तेच विचारलं. पानात काही? उदात काही? भंडाऱ्यात काही? चांगुणानं न्हाई, न्हाई, न्हाई म्हटलं. तो समजूतदार हसला, पोराची चोरी पकडणाऱ्या मास्तरासारखा. मग म्हणाला, तोंडात काहीतरी जातच असेल.

"आगं, अंगारा लावते की जिभंला. त्यो तर समदेच लावत्यात."

पंकजानं ते इंग्रजीत सांगितलं मात्र, ब्रॅडलीनं डोळे मिटले, दोन्ही हात छातीवर ठेवले आणि लांब श्वास सोडला. त्याला हवं ते सापडलं होतं. देवी यायच्या आधी नाही, गेल्यावर ती अंगारा लावते, हे चांगुणानं दोनदा सांगितलं. पंकजानंही सांगितलं. ते त्याच्या कानात शिरलं नाही. जे ऐकायचं ते ठरवूनच तो विमानात बसला होता.

त्यानं निखाऱ्याभोवतीची राख प्लास्टिकच्या छोट्या पिशव्यांत भरली, प्रत्येकीवर नंबर घातला आणि उरलेली चांगली दोन चमचे तोंडात टाकली. शेणाची राख ती. सगळी वस्ती तोंडावर पदर आणि टोपी धरून बघत होती. अर्ध्या तासानं तो म्हणाला, आपल्याला आपलं मीपण विरघळताना दिसतंय. संध्याकाळपासून जे विरघळलं ते मीपण नव्हतं. दोन दिवस तो डबा घेऊन माळावर पळत होता. चांगुणाच्या सुनेनं त्याला ताकभात करून घातला, सुंठ उगाळून दिली. तो तिच्याकडे पाणावल्या डोळ्यांनी बघून म्हणाला, शुद्धी चालू आहे, या औषधात फार मोठी शक्ती आहे.

"लेकरू बिचारं," चांगुणा म्हणाली. "आईबाप हायती का न्हाई त्याला?"

जाताना तो तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विसरून गेली.

फाल्गुन लागला आणि त्याचा व्हिडिओ आला. इंग्रजी नावाचा, अर्थ असा की 'देवीची भुकटी'. त्यात चांगुणा केस सोडून घुमताना दिसत होती, मागे कुठल्याशा दुसऱ्याच देशाचा ढोल लावला होता, आणि ब्रॅडली गंभीर आवाजात सांगत होता की या दुर्गम खेड्यातल्या बायका हजारो वर्षं एक गुप्त मादक भुकटी वापरत आल्या आहेत, तिच्या अमलाखाली त्यांना देवी दिसते, आणि परक्यांनी विचारलं की त्या नाही म्हणतात. खाली मराठी अक्षरं आपोआप उमटत होती. तीन लाख लोकांनी तो पाहिला. त्यातला एक रंभाजी.

पुढच्या शुक्रवारी सकाळी लाइट आल्यावर सीमा कांद्याला पाणी द्यायला, दारं धरायला म्हणून विहिरीवर गेली, तर मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला नवंकोरं कुलूप. रंभाजी बांधावर मोबाईल घेऊन बसला होता.

"वाच," त्यानं तिला दाखवलं. "तुला वाचता येतं न्हवं? ही बाई नशेच्या अमलाखाली बोलते. मी न्हाई म्हनत, आमेरिकेचा शास्त्रज्ञ म्हनतोय. नशेतल्या बाईच्या बोलन्यावर मी कार्तिकापास्नं पानी सोडत आलो. मूर्खच की मी."

सीमा तशीच चांगुणाकडे गेली. रडली नाही. उंबऱ्यात बसून म्हणाली, "आत्या, कांदा आता पोसायच्या टायमाला हाय. दोन आठवडं पानी न्हाई मिळालं तर लसनायेवढा ऱ्हाईल."

चांगुणाला आधी काही समजेना. नशा म्हणजे काय, तिची नशा? तिनं आयुष्यात तंबाखूसुद्धा खाल्ली नव्हती. नवरा दारू प्यायचा म्हणून तिनं पाच वर्षं त्याच्याशी अबोला धरला होता. सुनेनं मोबाईलवर व्हिडिओ लावून दाखवला. घुमताना आपण कशा दिसतो हे चांगुणानं कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायचंही नव्हतं. कपाळावरचं कुंकू पसरलेलं, पदर ढळलेला. तिला अंगभर लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग संताप आला. ज्याला ताकभात घातला त्यानं तिला भर बाजारात गांजेकस ठरवली होती.

ती गुडघे ओढत रंभाजीच्या अंगणात गेली.

"रंभाजी, देवीचं ऱ्हाऊ दे बाजूला. मी सांगते. त्या विहिरीवर संदीप तुज्या बरुबरीनं राबला. पानी लागलं तवा तू त्याच्या गळ्यात पडून रडला हुतास. समद्या वस्तीनं बघितलंय. कुलूप काढ."

रंभाजीनं तिला बसायला पाट दिला. चहा मागवला. अगदी अदबीनं म्हणाला, "वैनी, देवी बोलली आसती तर गोष्ट येगळी. आता ती बी नशा निघाली. आन नुसतं तुमी म्हनाल, तर बाईमानसाच्या सांगन्यावर इहिरी चालत न्हाईत."

चांगुणानं चहा घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी पंकजा आली, ती तोंड लपवतच. तिनं मावशीसमोरच ब्रॅडलीला फोन लावला. पडद्यावर तो दिसला, एका हिरव्यागार बागेत, अंगावर आमच्याकडच्याच गोधडीसारखं काहीतरी पांघरून. पंकजानं घडलेलं सगळं सांगितलं. एका विधवेचं पाणी तोडलंय, कांदा जळतोय, तू फक्त एवढंच सांग की अंगाऱ्यात नशा नाही. तू राख तपासायला दिली होतीस ना?

दिली होती, तो म्हणाला. अहवालही आला होता. साधी राख निघाली.

"मग तसं सांग ना!"

त्यानं हळुवारपणे समजावलं की अहवालात काही सापडलं नाही याचा अर्थ विज्ञानाला अजून माहीत नसलेलं काहीतरी त्यात आहे. आणि पंकजानं रागावू नये, कारण त्याच्या लोकांत नशेला औषधच म्हणतात, ती शिवी नाही. उलट त्यानं मावशीचा फार मोठा सन्मान केला होता. दिवाळीनंतर तो बारा पाहुणे घेऊन येणार होता. त्यांना तिच्या हातून ते औषध घ्यायचं होतं.

पंकजानं हे सांगितलं तेव्हा चांगुणा शेळीचं दूध काढत होती. तिनं मान वर केली नाही.

"त्याला इचार," ती म्हणाली, "ल्हानपनी त्यो दंगा करायचा, तवा त्याची आई गप म्हनली की गप व्हायचा का न्हाई? मंग तिनं काय खाल्लं हुतं?"

पंकजानं विचारलं. मग ब्रॅडलीचे डोळे भरून आले. हे फारच सुंदर आहे, तो म्हणाला. मी हे वाक्य माझ्या पुढच्या व्हिडिओत घेऊ का?

पंकजानं फोन बंद केला आणि क्लासमध्ये पोरांपुढे कधी काढली नव्हती अशी एक शिवी शुद्ध मराठीत काढली.

मंगळवार उजाडला. ठाण्यावर कधी नव्हती एवढी गर्दी. निम्मे लोक देवीला आले होते, निम्मे मजा बघायला, आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल. एक टवाळ तर म्हणाला, "मावशी, आधी तोंड उघडून दाखवा." बायांनी त्याला झापलं, पण हसणारे हसले. चांगुणा बसली. ऊद पडला, संबळ वाजला, बराच वेळ वाजला. देवी आली नाही. येणार कशी? घरात चार माणसं दारावर कान लावून बसली तर लेक आईशी बोलत नाही, ही तर देवी.

चांगुणा उठली. "आज न्हाई आली," ती म्हणाली. सीमा खांबाला टेकून उभी होती, ती मटकन खाली बसली. तिच्या बाजूचा शेवटचा आवाजही गेला होता. रंभाजीनं मिशीवरून हात फिरवला.

मग नेहमीसारखा अंगारा सुरू झाला. मजा बघायला आलेले टवाळसुद्धा मोबाईल खिशात घालून रांगेत उभे राहिले. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. रंभाजीला त्याची बायको भागिरथी कोपरानं ढोसत होती. त्यांची लेक ज्ञानेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, डॉक्टरांनी आजचीच तारीख दिली होती, आणि दुपारी तिला नगरला दवाखान्यात न्यायचं होतं. खडकाईचा अंगारा लावल्याशिवाय वस्तीवरची कुठलीही बाळंतीण गाडीत बसली नव्हती. रंभाजीची आईसुद्धा नाही, त्याच्या वेळेला.

रंभाजी पुढे आला. त्यानं टोपी काढली, मान वाकवली आणि लेकीसाठी कागदाचा चिटोरा पुढे केला.

चांगुणानं मूठ मिटली.

संबळवाल्याचा हात थांबला. अंगारा नाकारताना तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"वैनी?" रंभाजी वाकल्या वाकल्या म्हणाला.

"ह्यात काय हाय, रंभाजी?"

"अंगारा हाय की."

"नशा हाय म्हनतोस न्हवं तू? आमेरिकेचा शास्त्रज्ञ म्हनतोय. मंग पोटुशा पोरीला नशा लावायची व्हय रं बापानं?"

रंभाजीनं मान वर केली. शंभरेक माणसं त्याच्याकडे बघत होती, आणि सगळ्यांत जवळून त्याची बायको.

"बोला की," भागिरथी म्हणाली. "नशा हाय का अंगारा, ते एकदाचं सांगा. पोर घरी वाट बघतीय."

नशा म्हणावं तर अंगारा मिळत नाही, आणि अंगारा म्हणावं तर कुलूप उघडं पडतं. ट्रॅक्टर दोन असोत की दहा, त्या घटकेला ते काही कामाचे नव्हते.

"अंगारा," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. संबळवाल्याला आलं न्हाई ऐकू."

"अंगारा हाय!"

"मंग कार्तिकात ह्या ठान्यावर बोललं त्ये कोन? मी का नशा?"

"देवी," रंभाजी म्हणाला.

"काय बोलली?"

"सीमाचं पानी सीमाला सोड म्हनली."

चांगुणानं मिटलेली मूठ पुढे तशीच धरून ठेवली. रंभाजीनं क्षणभर वाट पाहिली. मग बंडीच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि मागे वळून सीमाच्या हातात दिली. सीमानं ती पदराच्या टोकाला घट्ट बांधली आणि कुणाकडे न बघता विहिरीच्या वाटेला लागली. तिचे शुक्रवार-शनिवार दोन्ही बुडाले होते, आज मंगळवार असला तरी वाराबिराचा हिशोब कुणी काढला नाही.

चांगुणानं रंभाजीच्या कपाळाला अंगारा लावला. नीट, तीन बोटांनी, बाकीच्यांना लावते तसाच. त्यानं चिटोरा पुढे केला.

"आन ह्यो ज्ञानेश्वरीला."

"तिला मी सकाळीच लावून आले घरी जाऊन," चांगुणा म्हणाली. "बापाच्या भानगडीत लेकीला कशाला धरू?"

रंभाजीनं भागिरथीकडे पाहिलं. सकाळी ती घरातच होती, म्हणजे तिला हे ठाऊक होतं. भागिरथी पदर तोंडात धरून दुसरीकडे बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

माणसं पांगली. पंकजानं हे सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोबाईलवर घेतलं होतं. तिचे डोळे चमकत होते.

"मावशी, हे पाठवते त्या ब्रॅडलीला. बघू दे, शब्दाला वजन कशानं येतं ते. आता तरी त्याच्या डोक्यात प्रकाश पडेल."

चांगुणानं निखाऱ्यावर पाणी ओतलं आणि गुडघ्यांवर हात देऊन ती उठली.

"नगं बाई," ती म्हणाली. "त्यो इचारंल, रंभाजीनं काय खाल्लं हुतं."